मोजणी

पाचच्या आत वावरात उतरावं लागतं,
दव आहे तोवर.
ग्लॅडिओलसची काडी कापायची ती
बुडाच्या कळीनं रंग दाखवला की,
तिनं तोंड उघडायच्या आत.
चार पानं खाली ठेवायची, कंदासाठी.
उघडलेलं फूल बाजारात दुपारपर्यंत म्हातारं होतं
आणि भाव पाडणारा आधी त्यालाच बोट लावतो.

म्हणजे नऊ गुंठ्यांत सात वर्षं
मी फुलं लावते
आणि फुललेलं माझं वावर
मी पाहिलेलं नाही.
वावर फुललं म्हणजे माल गेला.

गिरणाऱ्यात जिकडेतिकडे द्राक्षं नाहीतर टमाटे.
काड्या विकते म्हटल्यावर
जाऊबाईंच्या भावानं विचारलं, उदबत्तीच्या का?

वीस काड्यांची जुडी, जुन्या पेपरात गुंडाळून
बादलीत उभी.
आडवी टाकली तर रस्त्यातच
शेंडा आभाळाकडे वळतो,
मग वाकड्या काडीला गिऱ्हाईक नाही.
स्कूटीवर पायांत बादली,
गंगापूरपर्यंत साडीचा काठ ओला.
अर्ध्या जुड्या फुलबाजारात अन्वरभाईकडे.
तो बंगळूरची खोकी दाखवतो,
"बघा ताई, एकसारखी उंची."
माझ्या काड्या एकसारख्या नाहीत.
माझी तीन पोरंसुद्धा नाहीत.

उरलेल्या, शनिवारी, शरणपूर रोडच्या कोपऱ्यावर.
तिथे साळवेकाका.
नोट प्रेसमधून रिटायर,
एकतीस वर्षं कोऱ्या नोटा मोजलेले.
एकच काडी घेतली, नखानं कळ्या मोजल्या : बारा.
"सगळ्या उमलतात?"
मी म्हटलं, पाणी रोज बदला,
बूड बोटभर कापत जा.
विचारलेलं राहूनच गेलं.
मला कुठं ठाऊक होतं?
त्यांनी नंबर घेतला.

सोमवारी फोन : "तिसरं उघडलं, शालनताई."
बुधवारी : "पाचवं. पहिल्यानं मान टाकली, काढू का?"
काढा, म्हटलं, हातात खुरपं तसंच.
मग पुढची काडी घ्यायला आले की पैसे देताना :
"बाराच्या बारा. हिशेब चोख."

असे दोन हिवाळे.
डेअरीच्या रांगेत, भाकरी थापताना,
फोन खांद्यात दाबून
मी माझी फुलं ऐकली.

यंदा जानेवारीत त्यांच्या लेकीचा, रूथचा फोन.
मोतीबिंदूचं ऑपरेशन, पट्टी आहे.
पप्पा विचारतात, मोजणार कोण?

विहिरीकडच्या सरीत एक काडी मी ठेवली.
हे म्हणाले, विसरलीस.
म्हटलं, असू दे.
संध्याकाळी मोटर बंद करून
तिच्यासमोर उकिडवी बसायचे न् फोन लावायचे.
काका, दुसरं.
"रंग?"
पिवळा. पिवळा नाही तसा.
"मग?"
दुधात हळद टाकलीय
आणि अजून ढवळली नाही.
तिकडे बराच वेळ काही नाही.
मग, "हां. दिसलं."

पाचव्या दिवशी एक मधमाशी आत शिरली
आणि तिच्या मागोमाग मला
आत, अगदी तळाशी, तांबडा ठिपका दिसला.
माझ्याच वाणाला. सात वर्षांनी.

नववं. मग दहावं, एका अंगानं.
मग तीन दिवस तेच.
शेंड्याच्या दोन कळ्या
हिरव्याच्या हिरव्या, मिटून, टोकाला करपत.
रोज वाटायचं, उद्या.
चौथ्या दिवशी सांगून टाकलं :
काका, दहाच. वरच्या दोन उघडतच नाहीत.
तुमच्याकडे तर बाराच्या बारा...

फोनमध्ये कुकरची शिट्टी झाली.
"मोजायला चुकलो असेन," म्हणाले
एकतीस वर्षांत एक नोट
इकडची तिकडे न झालेले साळवेकाका.
"पट्टी सोमवारी निघते.
काडी ठेवा माझी."