इंजिनरूमला खिडकी नसते

रात्री साडेनऊला आमोण्यातल्या आमच्या सोप्यावर
मी एक यंत्र उतरवून घ्यायला बसलो.
वजन नसलेलं यंत्र.
मुलं ठोकळे जोडून लिहितात ना,
दहा पावलं चाल, कडेला लागलास तर फिर,
ते समजून घेऊन खरोखर चालवणारं, पडद्यामागचं.
शाळेत संगणक आठ, त्यांतले दोन रुसलेले,
आणि आठवीतल्या तन्वेषा पर्येकरचा हट्ट:
सर, ‘वल्हव’ असा ठोकळा का नाही?
नव्हता. म्हणून हे.

पहिली आज्ञा दिली.
एका लायब्ररीला दुसरी लागते, दुसरीला आणखी चाळीस;
लग्नाला एकाला बोलवावं आणि त्यानं सगळा वाडो आणावा
तशी अकराशे बारा पुडकी येऊ लागली
खाजनापलीकडच्या एकुलत्या टॉवरवरून.
आठशेव्याला नेट गेलं.
मोबाईल तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला, तिथे दोन कांड्या मिळतात.
मग पिवळे इशारे. मग लाल.
तुझं नोड फार नवं आहे, असं ते म्हणालं.
उतरलो दोन आवृत्त्या खाली,
पुन्हा पहिल्यापासून.

बाबा झोपले नव्हते.
बावीस वर्षं बार्जवर, इंजिनरूममध्ये,
मांडवीतून मुरगावपर्यंत तांबडी माती वाहिली,
आणि विचारा त्यांना, पाण्यावरून आग्वाद कसा दिसतो?
नाही सांगता येणार. खाली खिडकी नसते.
वरून तांडेल घंटा मारणार:
एक ठोका पुढे, दोन थांब, तीन मागे.
नदी कुठे वळली
ते पायाखालच्या लोखंडातून कळायचं.
खाणी बंद पडल्या तेव्हा पंचावन्नचे होते,
उजवा कान त्याआधीच गेलेला.

“कितें करता रे?”
इंजिन बसवतोय, म्हटलं.
“खंयचें?”
आता हे कसं सांगायचं?
म्हटलं, वर मुलं ठोकळे जोडतात,
हे खाली बसून ऐकतं. ठोका पडला की चालतं.
याला स्वतःचा पडदा नाही.
रंग, आवाज, चित्रं, सगळं बाहेरून जोडायचं.
दोन कामं एकदम आली
तर दोघांनाही थोडं थोडं पुढे ढकलतं,
सेकंदाला तीस वेळा.
बाबा माझे ओठ बघत होते.

एक वाजता शेवटची लाल ओळ गेली.
नंतरची चूक मात्र माझीच:
चित्र काढणारा भाग जोडायला विसरलो.
हिरवा झेंडा दाबला. पडदा पांढराफटक.
शिवी तोंडात आली होती,
पण बाजूच्या काळ्या चौकटीत एक आकडा हलत होता.
दहा. वीस. तीस.
तन्वेषाची होडी, कुणालाच न दिसणारी,
उजवीकडे सरकत होती.

बंद करायला हात नेला
तर बाबांनी मनगट धरलं.
“राव. बंद करूं नाका.”
आणि डावा तळवा लॅपटॉपच्या पोटाखाली सरकवला,
जाळीपाशी, जिथून गरम वारा येतो.
दोनशेवीस. दोनशेतीस.
दोनशेचाळीसला काठ असतो. तिथून तिनं फिरायला हवं.
पण काठ कुठे आहे ते ठाऊक असतं
चित्र काढणाऱ्या भागाला,
आणि तो तर मी जोडलाच नव्हता.
दोनशेपन्नास. दोनशेसाठ.
तीनशे.

“भायर सरली,” बाबा म्हणाले,
“आतां दर्यांत पावली.”
मी काही बोललो नाही.
नऊशेपर्यंत बसलो आम्ही. मग त्यांना
डास चावायला लागले.

‘वल्हव’ अजून लिहायचाच आहे.
तन्वेषा सकाळी पहिल्या तासाला विचारणार,
आणि मला हेही ठरवता आलेलं नाही
की वल्हं एका बाजूला मारायचं
की आळीपाळीनं दोन्ही.