कोणाचा गुडघा

लेखावर नाव ओतीलियाबाईंचं आहे,
त्यांच्या खाली लिस्बनच्या प्राध्यापकांचं.
मी शेवटी, आभारात,
मुंगीएवढ्या टायपात:
‘मुलाखतींच्या भाषांतरासाठी आर्मिंदू मुशांगा.’
मुशांगातलं एक अक्षर गळलंय. असो.

बूझी नदीच्या काठाने तीन महिने हिंडलो,
एक मोटरसायकल, एक रेकॉर्डर.
विचारायचं एवढंच:
रेडिओ म्हणाला, ‘पातळी दोन पूर्णांक चार मीटरने वाढेल,’
तेव्हा तुम्ही काय केलं?
कोणी म्हणालं, चुलीवरचं भांडं झाकलं.
कोणी म्हणालं, रेडिओ बंद केला, सेल वाचवायला.
मीटर कोणाच्याच घरात नव्हता.
आमच्या काठाला पाणी अंगाने मोजतात:
घोटाभर, गुडघाभर, कमरेइतकं, गळ्याशी.
त्यापुढे मोजत नाहीत.

मी ते न्दाऊतून पोर्तुगीजमध्ये नेलं,
बाईंनी पोर्तुगीजमधून इंग्रजीत.
दोनदा पाणी ओतलं की थोडं सांडतंच.
फेलिझार्दा मुतीसे वाटेत कुठेतरी
‘सहभागी क्र. १४, स्त्री, वय अंदाजे साठ’ झाली.
तिची एका डोळ्याची बकरी
लेखात आलीच नाही.

सात महिने सगळं गप्प.
मग संपादकांचं पत्र, तीन परीक्षकांची मतं.
पहिल्याला लेख आवडला, स्वल्पविराम आवडले नाहीत.
तिसऱ्याचं म्हणणं, त्याचेच जुने चार लेख
आम्ही वाचायला हवे होते.
दुसऱ्याने फक्त निष्कर्षांसमोर लिहिलं होतं:
‘कोणाचा गुडघा?
गुडघा माणसागणिक बदलतो.
हे एकक ग्राह्य कसं धरावं?’

बाई आधी हसल्या. मग हसल्या नाहीत.
बेइराहून फोन आला: आर्मिंदू, पुन्हा जाऊन ये.

फेलिझार्दा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती.
मी म्हणालो, लांबच्या देशात एक शहाणा माणूस आहे,
त्याचं नाव आम्हालाही कळू देत नाहीत,
तो विचारतोय, कोणाचा गुडघा.
तिचे हात थांबले नाहीत.
‘त्याला लेकरं नाहीत का?
घरात सगळ्यात धाकटं असेल, त्याचा.
आणखी कोणाचा धरणार?’
मग बऱ्याच वेळाने:
‘त्या रात्री आम्ही माझा धरला.’

रेकॉर्डर चालूच होता.
पुढे चौदा सेकंद नुसत्या शेंगा फुटतात.
ते कोणत्या भाषेत नेऊ?

उत्तर गेलं: ‘स्थानिक वापरात हे एकक
कुटुंबातील सर्वांत कमी उंचीच्या व्यक्तीशी
निगडित असल्याचे आढळते.’
परीक्षकांचं समाधान झालं.
पण शब्दमर्यादा आठ हजार, आमचे भरले आठ हजार दोनशे;
ते वाक्य तळटीपेत गेलं, तळटीप परिशिष्टात,
परिशिष्ट वेगळ्याच फाइलीत.

लेख आला. खंड एकेचाळीस, अंक तीन.
वाचायचा तर एकोणचाळीस डॉलर.
बाईंना बढती मिळाली,
त्यांनी मला बूट घेऊन दिले.
चांगले आहेत, चावत नाहीत.

गावात तो कोणी वाचला नाही.
पण रेडिओवरचा जुव्हेन्सियू माझ्याच न्हाव्याकडे बसतो.
त्याच्या तोंडाला साबण होता, उलटून बोलता येईना,
तेवढ्यात मी त्याला सगळं सांगून टाकलं,
संदर्भसूची सोडून.

गेल्या फेब्रुवारीत, रात्रीच्या बातम्यांत, तो म्हणाला:
‘उद्या दुपारपर्यंत पाणी गुडघाभर.’
कागद खुडबुडला.
‘धाकट्याच्या. तुमच्या धाकट्याच्या गुडघ्याइतकं.’
त्याला समज मिळाली म्हणे नंतर,
बातमीत असं बोलायचं नसतं.

मी आमच्या इनासियूला उचलून
दाराच्या चौकटीशी उभं केलं.
झोपेत होता, सारखा वाकत होता.
कोळशाने रेघ ओढली.
केवढी खाली आली ती.
मग बूट उचलून
आढ्याला बांधले.