नऊ नंबरचा प्रश्न

आधी प्रतापनगरातली बघितली.
दारातच बूट काढायला लावले, हात धुवायला लावले.
भिंतीवर वडाचं झाड रंगवलेलं, पारंब्या सुतळीच्या,
खाली हिरवं गवत, हात फिरवला तर
नव्या पायपुसण्यासारखं खरखरीत.
"ऊन नाही, डास नाहीत, माती तर नाहीच नाही,"
मॅडम म्हणाल्या, आणि माझ्या मोबाइलवर ॲप टाकून दिलं.
ऑफिसात बसल्या बसल्या दिवसभर
दिसत राहील माझी मुलगी, चार कोनांतून.

मी महावितरणात आहे. मीटर तपासतो.
मला चार कोन आवडले.

दुसरी काटोल रोडला, डांबर सोडून आत,
कडुनिंबं, एक म्हातारी चिंच, विहीर, तिच्यावर जाळी.
"शाळा कुठाय?" मी विचारलं.
केसांत काडी अडकलेल्या पर्णिका वासेकर म्हणाल्या,
"तुम्ही शाळेतच उभे आहात. जरा बाजूला व्हा,
पायाखाली मुंगळ्यांची रांग आहे."

मी यादी नेली होती. घडी उलगडून वाचली.
साप?
"आहे. धामण. विहिरीपलीकडे राहते.
मुलं येण्याआधी आम्ही काठीनं पाचोळा चाळतो."
विंचू?
"मागल्या वर्षी एक निघाला. मुलांनी लांबून पाहिला,
मग तीन दिवस नुसते चिखलाचे विंचू."
एप्रिल?
"साडेसहा ते साडेआठ. मे महिन्यात बंद.
मे महिन्यात नागपुरात झाडंसुद्धा सुटीवर असतात."
आणि शिकवता काय?
इथे त्या जरा थकल्यासारख्या दिसल्या.
"आज कुणाला काय सापडतं, त्यावर आहे."

संध्याकाळी आत्याचा फोन, वरुडहून:
"काहून बाप्पा, मातीत लोळवायले
पैशे मोजून राह्यले का तुमी?
इकडे पाठवून द्या पोट्टीले, फुकटात लोळते."
बरोबर होतं तिचं. फक्त आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर,
आणि खाली पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक.

पण मी ओंडक्याचं सांगायचं विसरलो.

मी यादी वाचत होतो तेव्हा रुंजी,
पावणेतीन वर्षांची, जी घरी सोफ्यावरून उतरताना
माझं बोट मागते,
सागाच्या आडव्या ओंडक्यावर चढली होती.
सहा पावलं. सातव्याला डगमगली.
मी धावणार, तर उईके मावशी आधीच तिथे,
एका हाताच्या अंतरावर.
हात पुढे केलेला, उघडा.
पण धरलं नाही.

धरलं नाही, म्हणून रुंजीनं गुडघे वाकवले,
बूड टेकलं, इकडे तिकडे बघितलं,
आणि उलटी सरकत, पोटावर, खाली उतरली
जणू रोजचंच काम.
माझ्या खिशातल्या मुठीत
यादीचा बोळा झाला होता.

फॉर्म साधाच, पिवळ्या कागदावर, एक पान.
आवडतं फळ. ॲलर्जी. रक्तगट.
नऊ नंबरला: पडल्यावर मूल किती वेळ रडतं?
मी पेन टेकवलं, उचललं, टेकवलं.
मग खरं ते लिहिलं:
माहीत नाही. आजवर पडू दिलेलं नाही.

अश्लेषाची त्या रात्री मेडिकलला नाइट होती,
कॅज्युअल्टीत. मी फोनवर वाचून दाखवलं.
मागे कुणाचं तरी पोर भोकाड पसरत होतं.
"गुडघ्याला टाके घालता येतात,"
ती म्हणाली, "बाकीचं..."
आणि कुणीतरी हाक मारली, फोन राहिला.

पाच तारखेला फी भरली. काटोल रोडची.
हल्ली वॉशिंग मशीन फिरताना खडखडतं.
उघडलं की ड्रममध्ये तीन चिंचोके, एक खडा,
आणि काहीतरी, ज्याला रुंजी "माझं" म्हणते.

ते ॲप मात्र अजून काढलेलं नाही मोबाइलमधून.
दुपारी कधीतरी उघडतो.
चार चौकोन, नमुन्यादाखल, एकही मूल नाही,
आणि भिंतीवर ते झाड,
भर जानेवारीत एक पान न गाळता उभं.