दुबार

फैजपूरच्या प्रेसमध्ये मी खिळे जुळवायचो.
केळीच्या वॅगनची पावतीबुकं, लग्नपत्रिका, सोसायटीचे अहवाल,
आणि दोन-तीन वर्षांतून एकदा
सुपडू फेगडेची कादंबरी.

हस्तलिखित फौजी ट्रंकेतून यायचं.
ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, पुसट झालेलं ‘सिग्नल्स’.
अक्षर टाइपासारखं सुटं. विशेषणं जवळजवळ नाहीत.
सात-आठ शब्दांचं वाक्य, मग श्वास,
मग पुढचं.
शब्दाला पैसे पडतात असं लिहितो हा, मालक म्हणायचे.

पण नाव आलं की दुबार.
‘रामजी सीताराम वारके, रामजी सीताराम वारके,
मुक्काम आमोदे, विहिरीवरून आला.’
मला वाटलं हात चुकला. मी एक गाळलं.
दुसऱ्या दिवशी, मे महिन्याच्या भर दुपारी,
डांबर चपलेला धरत होतं तेव्हा,
हा सायकलवर हजर. प्रुफावर लाल खूण, गाळलेलं परत.
“निजामभाऊ, नाव एकदाच आलं
तं ते आलं न्हाई असं समजायचं.”

एकाहत्तरची लढाई त्याच्या सहा कादंबऱ्यांत कुठेच नाही.
जिनिंग आहे, तापीतली होडी आहे,
बांधावरून थोरल्या भावाशी धरलेला अबोला आहे.
जळगावच्या सत्कारात कोणी म्हणालं,
गोळीचं शिसं आणि खिळ्याचं शिसं एकच.
टाळ्या पडल्या.
हा उठून बाहेर गेला, गाडीवर उसाचा रस पीत उभा राहिला.

मला सांगितलं ते पुष्कळ उशिरा.
वीज गेली होती, मशीन गप्प,
आम्ही कळण्याची भाकरी खात बसलो होतो.
डिसेंबरची रात्र. तारेत खरखर.
पलीकडचा आवाज नाव सांगतो: हिलाल डी. पाटील.
पलटणीत दोन होते.
हिलाल दगा, पारोळ्याकडचा.
हिलाल दौलत, शिंदखेड्याकडचा.
‘दुबार सांग’ एवढंच म्हणायचं होतं.
तेवढ्यात दुसरी लाइन वाजली.
त्याने दगा लिहिलं.

पारोळ्याकडच्या घरी बांगड्या फुटल्या.
जिवंत माणसाचं दहावं झालं.
अकराव्या दिवशी चूक उमगली, दुसरी तार गेली.
हिलाल दगा सुटीवर आला,
बायकोच्या मोकळ्या मनगटाकडे बघत जेवला.
“त्याची माफी मी मांगली. त्यानं केली बी.”
मग सुपडू थांबला, घास हातात तसाच.
“दुसरं घर, निजामभाऊ.
तथी अकरा दिवस कोनाले ठाव न्हाई.
त्याचं आधीचं पत्र मधेच पोचलं.
मायनं गूळ वाटला. भावानं बैल घेतला,
पत्रात घे म्हनून लिहेल होतं.
हे अकरा दिवस मी त्यायले देले,
का त्यायचे चोरले?”

मला उत्तर आलं नाही. त्यालाही बहुधा नको होतं.

मग मी त्याची पुस्तकं पुन्हा वाचली,
उलट्या खिळ्यांत नाही, सरळ कागदावर.
प्रत्येकात एक घर आहे.
तिथे लोक पापड वाळवतात, भांडतात,
बैलाचे दात बघायला शेजारगावी जातात.
त्यांना काहीतरी कळायचं राहिलंय.
आणि सुपडू पानंच्या पानं
पोस्टमनला फाट्यावर
पंक्चर काढत बसवतो.

सातवी अर्धी राहिली.
तिचं शेवटचं पान मी जुळवलं
त्याच्या दहाव्याच्या आदल्या रात्री.
‘हिलाल दौलत पाटील,’
आणि स्वल्पविराम. पुढे कोरं.
खणात सगळी अक्षरं होती. माझा हात गेला नाही.

प्रेस आता ऑफसेट. खिळे किलोवर भंगारात गेले.
तेवढा एक फर्मा सुतळीने बांधून
टेबलाखाली ठेवलाय.
मालकाचा मुलगा दर दिवाळीला विचारतो,
चाचा, हे वितळवायचं का?
मी म्हणतो, अकरा दिवस थांब.