पान एकशे बारा

पुस्तकाला पुठ्ठा नव्हता, म्हणून नावही नव्हतं.
मामानं सोलापूरहून तंबाखूच्या पोत्यात घालून आणलं.
करोडगिरीच्या नाक्यावर शिपायानं ते उलटंपालटं केलं,
चित्रातली तोफ बघून विचारलं, हे काय?
मामा म्हणाला, पोरांचं आहे साहेब. खोटं आहे.

उर्दूची पाटी धुऊन झाली की
आम्ही खंदकाच्या कडेला बसून ते खोटं वाचायचो.
म्हणजे वाचायचो मी.
हणमंता भोयाचा नागू ऐकायचा
जाळ्याची गाठ दातात धरून.

कंधारच्या तळ्याला समुद्र म्हणतात.
कुण्या राजानं बांधला, ते मास्तरालाही नीट सांगता यायचं नाही.
त्यामुळे पुस्तकात समुद्र आला
तेव्हा आम्हाला काही अवघड गेलं नाही.
आमच्या समुद्राच्या पलीकडं म्हशी दिसायच्या, एवढंच.

नायक चौदा वर्षांचा, गोरापान. त्याला भूक लागायची नाही.
आई पहिल्याच पानावर वारलेली,
म्हणून दिवेलागणीला हाका मारायला कुणी नाही.
चाच्यांच्या गलबतावरून तो उडी टाकायचा
आणि खिशातला नकाशा कोरडाच राहायचा.
"हे लिहिणारा कधी भिजलेला नाही," नागू म्हणायचा.
शीड, वल्हं, वारा, सगळं तो दुरुस्त करायचा,
मी पेन्सिलीनं समासात लिहून घ्यायचो.

एकदा त्यानं विचारलं,
"त्याची नाव हाकतंय कोण?"
होता एक. काळा, इमानी, धिप्पाड.
नाव त्याची होती, पण त्याला नाव नव्हतं.

चिमणीच्या उजेडात मी पुढचं आधीच वाचून ठेवायचो.
एकशे बाराव्या पानावर
नायकाची गोळी त्यानं छातीवर घेतली,
"धनी, जन्माचं सोनं झालं" म्हणाला,
आणि पुढच्या परिच्छेदात नायक हिरे मोजत होता.

दुसऱ्या दिवशी तिथं पोचलो
तसा माझा आवाज घोगरा झाला.
गोळी मी शिडात घातली.
नावाड्याचं नाव केरबा ठेवलं,
पोहत काठाला आणला,
हिऱ्यांतला अर्धा वाटा मोजून दिला.
नागूनं जाळं खाली ठेवलं. "परत वाच."
परत वाचताना तेच शब्द सापडेनात,
मघाशी पोहत आलेला केरबा आता फळकुटावर आला.
नागू काही बोलला नाही.

पुढं रझाकारांच्या साली आम्ही रातोरात
उमरखेडला गेलो. पुस्तक त्याच्याकडंच राहिलं.

सात वर्षांनी आलो तर
तळ्याचा ठेका नागूच्या नावावर. सहीनं, अंगठ्यानं नव्हे.
रात्रीच्या शाळेत शिकला म्हणे.
चहा सांगितला, बिडी दिली,
आणि फळीवरून मेणकापडाचं पुडकं काढलं.

मी थेट तेच पान उघडलं.
छापील ओळींवर रेघ मारलेली नव्हती.
धनी होता, सोनं होतं, सगळं जागच्या जागी.
फक्त समासात, गाठी मारल्यासारख्या अक्षरांत:
केरबा पोहून गेला.
आणि त्याखाली, बारीक,
वारा कुठून होता ते.