पुरवणी यादी

तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
नोटांच्या चुका शोधल्या.
अंक सरकलेला, शाई फुटलेली, कोपरा कोरा.
चूक दिसली की खूण, ताव बाजूला.
आता निवृत्त आहे आणि
पणजीचं नाव शोधतोय.

वडील सांगायचे, तिला सगळे मोठी म्हणत.
मोठी म्हणजे कोण,
हे विचारायचं राहून गेलं.

आधी रामकुंडावर गेलो.
गाव? मखमलाबाद. आडनाव? विधाते.
गुरुजींनी लाल बासनातली लांबडी वही सोडली,
बोटाने पिढ्या उतरत आले:
तुकाराम, त्याचे तिघे, धाकटा शिवबा.
शिवबापुढे मोडीत काहीतरी.
काय लिहिलंय, विचारलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"पुढे वंश नाही."
मी, शिवबाचा पणतू,
समोर मांडी घालून बसलेलो.
म्हणाले, चहा घेणार?
घेतला.

शरणपूरच्या चर्चमधल्या कपाटाची किल्ली
सुवार्ताबाई खरातांकडे असते,
आणि त्या फक्त मंगळवारी असतात.
१९०६ चं पान. कडेचे महिने वाळवीने खाल्लेले.
पाद्रीसाहेबाचं तिरकं इंग्रजी अक्षर:
शमुवेल, पूर्वीचा शिवबा, धंदा बागकाम.
त्याखाली
रूथ, पूर्वीची भागू, वय अंदाजे अठरा.
भागूला दोन ओ, शेजारी शेजारी,
कुणी डोळे वटारून बघावं तसे.
बापाचं नाव: रेघ.
सहीच्या जागी फुली, जरा कलंडलेली.
सुवार्ताबाई म्हणाल्या, बघा,
पहिल्याच दिवशी क्रूस काढला पोरीनं.
मला वाटलं, हात थरथरला असेल.
बोललो नाही.

नाव मिळालं होतं. घरी जायला हरकत नव्हती.
पण आयुष्यभर चुका शोधलेल्या माणसाला
एका पुराव्यावर झोप लागत नाही.

कलेक्टर कचेरी, अभिलेख कक्ष.
अर्ज, शिक्का, दोन आठवडे, पुन्हा अर्ज.
मग पहिल्या निवडणुकीची मतदार यादी,
दोऱ्यात ओवलेली, घडीवर फाटलेली.
घर क्रमांक सतरा:
"शमुवेल विधाते यांची बायको, वय ६४."
नावाच्या जागी नातं,
आणि त्यावर पट्टी धरून मारलेली लाल रेघ.

दारात आलेल्या परक्या पुरुषाला
आपलं नाव सांगायचं नाही
हे तिला कुठल्या धर्माने शिकवलं, कोण जाणे.
दोन्ही पाळत असणार.
नाव नाही, तर मत नाही.
त्या एका पानावर अशा अकरा रेघा.
मोजल्या. सवय.

शिपाई म्हणाला, साहेब, पाच वाजले.
म्हटलं, एवढा सत्तावनचा गठ्ठा बघतो.
त्याच्या पाठीला, गंजलेल्या टाचणीने,
पुरवणी यादी. घर सतरा.
"भागूबाई शमुवेल विधाते, स्त्री, वय ६१."

पाच वर्षांत तीन वर्षांनी लहान झालेली.
आणि रूथ नाही.
पाद्रीसाहेबाने ज्याच्यामागे 'पूर्वीची' लावलं
ते नाव तिनं एक्कावन्न वर्षं
कुठे ठेवलं होतं?
नवऱ्याचं नावही मधे आहे, तेही तिनंच घेतलं,
की शेजारणीनं सांगितलं,
की कारकुनाला जसं ऐकू आलं तसं?
नोट धरायचो तसा तो कागद
खिडकीकडे उजेडात धरला.
आत काही नव्हतं.
मागच्या बाजूची माणसं फक्त
उलटी दिसत होती.

परवा माझी मतदार चिठ्ठी आली.
'विधते' छापलंय. काना गेला.
दुरुस्तीचा नमुना आठ भरून
चहाच्या डब्याखाली ठेवलाय, त्याला महिना होईल.
एस्तेर म्हणते, पप्पा, मोबाइलवर
दोन मिनिटांत होतं ते.

होतं. माहीत आहे.