दोन फूट

ग्वाल्हेरला उतरलो, सकाळचे साडेनऊ,
आणि फलाट तव्यासारखा तापलेला.
मुकुंद टेंबे स्कूटर घेऊन उभे,
डोक्याला ओला हिरवा गमछा.
"बसा पटकन. लू सुटायच्या आत
घोसीपुरा दाखवून देतो."

शहर आमच्या पुढे पुढे वाढत होतं.
नाल्यावरचा नवा पूल, खांबांना अजून सळ्यांचे खुंट.
मग खदानींची पांढुरकी धूळ,
धुळीत एका टाऊनशिपची कमान,
कमानीच्या आत फक्त बाभळी
आणि एक वॉचमन, खुर्चीसकट सावलीबरोबर सरकणारा.

घोसीपुऱ्याला रूळ मध्येच संपले होते.
पुढे शेळ्या.

टेंबे छोट्या गाडीवर एकतीस वर्षं गार्ड.
"इतकी धीरे चालायची, की लोक उतरून
बीडी पेटवून परत पकडून घ्यायचे.
छतावर बसलेल्यांना मी कधी मोजलं नाही.
मोजलं असतं तर लिहावं लागलं असतं."

रुंदी किती, मी विचारलं.
ते तापल्या खडीत पाय फाकवून उभे राहिले.
"एवढी. दोन फूट."
आणि पाय जवळ घ्यायचे राहूनच गेले.

मागून डंपर आला,
मोठ्या लाइनीची गिट्टी भरलेला. हॉर्न. पुन्हा हॉर्न.
"काका, हटा," मी म्हणालो,
आणि माझ्याच तोंडून कसं निघालं ते
कळायच्या आत

त्यांनी डोक्यावरचा गमछा सोडला,
हात लांब करून दोनदा हलवला,
आणि डंपर निघाला.